शितावरून काडतुसाची परीक्षा

मराठी म्हणींशी माझं वैर नाही. पण 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण कायद्याने बंद करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ती पहिल्यांदा ज्या सुगरणीच्या तोंडून निघाली, तिचा काही दोष नाही. एका पातेल्यात, एका पाण्यात, एका जाळावर शिजलेल्या तांदळातलं एक शीत चिमटीत दाबलं की बाकीच्या हजारांची खबर लागते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. घोटाळा केला तो नंतरच्यांनी. त्यांनी ही म्हण स्वयंपाकघरातून बाहेर काढली आणि जगाच्या कारभाराला लावली. एक पुणेकर भेटला की ह्यांना पुणं समजतं. एक सून नागपूरची निघाली की विदर्भ समजतो. मामेभावाच्या व्याह्यांना कुठल्याशा पाल्याचा रस लागू पडला की वैद्यकशास्त्र समजतं.

माझी तीस वर्षं एका कारखान्याच्या तपासणी खात्यात गेली. हजार नगांचा ढीग समोर यायचा आणि त्यातले किती नग उचलून मोजले म्हणजे ढिगाबद्दल बोलायचा अधिकार मिळतो, ह्याचं एक शास्त्र होतं. तीन नग मोजून "माल उत्तम" असा शिक्का मारणाऱ्याला आमच्याकडे दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये पाठवत. त्यामुळे ह्या म्हणीवरचा माझा राग धंद्यातला आहे, तो वयोमानाने आलेला नाही. (सौ.चं मत वेगळं आहे. तेही एका शितावरूनच बनलेलं आहे.)

पण ह्या म्हणीचे सगळ्यांत कडवे वारकरी महाराष्ट्रात राहत नाहीत, हा शोध मला म्हातारपणी लागला. ते अमेरिकेत राहतात, आणि घराच्या तळघरात बसून दारू मोजतात.

उन्हाळ्याचे चार-पाच महिने आम्ही दोघं ओहायोत मुलाकडे असतो. शेजारी एक एकाहत्तर वर्षांचा गृहस्थ आहे. जन्म छापखान्यात गेलेला, आता निवृत्त. त्याचा एकुलता एक नाद म्हणजे हजार यार्डांवर रायफलने नेम मारणं, आणि त्यासाठी लागणारी काडतुसं घरी स्वतःच्या हाताने भरणं. मी पुण्याला बहिणीला फोनवर सांगितलं, "अगं, शेजारी रोज संध्याकाळी तळघरात जाऊन तासन्‌तास दारू मोजतो." ती म्हणाली, "मोजतो ना? मग सज्जन आहे. आमच्याकडचे मोजत नाहीत."

ज्यांनी काडतूस फक्त सिनेमात पाहिलं असेल त्यांच्यासाठी सांगतो. काडतुसात चार वस्तू असतात : पितळेची पुंगळी, तिच्या एका टोकाला टोपी, पोटात दारू आणि तोंडात गोळी. वर्णन एखाद्या निवृत्त ठेकेदाराचं वाटेल, पण काडतुसाचंच आहे. बार उडाला की टोपी फुटते, दारू जळते, गोळी निघून जाते आणि मागे राहते ती पुंगळी. आपल्या अंगणात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पडलेला बाण जसा कोणी उचलत नाही तशी ही वस्तू नसते. ती पुन्हा भरता येते, एकदा नव्हे, अनेकदा. म्हणून हे लोक नेमबाजी संपली की ओणवे होऊन पुंगळ्या वेचतात. पारिजातकाखाली फुलं वेचणाऱ्या आजीबाईंच्या चेहऱ्यावर असतो तोच भाव मी तिथे पाहिला.

मग घरी आणून त्यांचे सोपस्कार. जळकी टोपी ठोकून काढायची. अक्रोडाच्या कवचाचा भुसा भरलेल्या थरथरत्या भांड्यात पुंगळ्या घासून लख्ख करायच्या. पितळ वारंवार ताणलं की कडक होतं, म्हणून पुंगळीच्या मानेला ताव द्यायचा. आपल्या तांबट आळीत भांडं ठोकताना मधूनच भट्टीत घालतात, त्याच कारणासाठी. बार उडताना पुंगळी फुगलेली असते, ती साच्यात दाबून मापात आणायची. लांबी वाढली असेल तर कातरायची. नवी टोपी बसवायची, दारू तोलून ओतायची, आणि गोळी इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून तोंडात बसवायची. एवढं सगळं एका काडतुसासाठी. ह्याच्या निम्म्या काळजीने माझं शिक्षण झालं असतं तर मी आज तुम्हाला ह्या पानावर भेटलो नसतो.

तोलण्याचं तर विचारू नका. दारू आणि गोळी मोजायची ती 'ग्रेन'मध्ये. हा ग्रेन म्हणजे मूळचा धान्याचा दाणा, आणि तो आपल्याला परका नाही. इंग्रजांनी १८३३ साली आपल्याकडचा तोळा पक्का केला तो १८० ग्रेनांचा. रायफलची .३० कॅलिबरची एक प्रचलित गोळी बरोबर १८० ग्रेनांची असते, म्हणजे मोजून एक तोळा! आमच्या शेजाऱ्याची गोळी १४० ग्रेनांची, म्हणजे नऊ मासे आणि वर अडीच-पावणेतीन गुंजा. दारू तो ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतो, म्हणजे गुंजेच्या अठराव्या-एकोणिसाव्या हिश्शापर्यंत. काटा किंचित कमी दाखवू लागला की चिमट्याने दारूचा एक कण उचलून टाकतो. इतक्या बारकाईने तोलणारा सराफ आमच्या पेठेत असता तर आमच्या घरातल्या निम्म्या लग्नांत रुसवेफुगवे झाले नसते.

इथवर माझी काही तक्रार नाही. उलट मी ह्या माणसाच्या प्रेमात आहे. "ह्याचा उपयोग काय?" हा आपला राष्ट्रीय प्रश्न मी त्याला एकदाही विचारलेला नाही. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. रमतगमत गेलात तर दहा-बारा मिनिटांची चाल. तिथे समोर दहा इंचांचं वर्तुळ, म्हणजे आपलं पोळपाट. त्याच्या आत पाच इंचांचं आणखी एक वर्तुळ, म्हणजे पोळपाटावर लाटलेली पुरी. पोटावर पालथं पडून, रायफलला टेकू देऊन, दुर्बिणीतून बघत त्या पुरीत गोळी घालायची. ह्या प्रकाराला 'एफ-क्लास' म्हणतात. फार्कहारसन नावाच्या कॅनडातल्या नेमबाजाने तो सुरू केला, त्याच्या आडनावाचं हे आद्याक्षर. एवढ्या अंतरावर दारूची काळजी घेणं अगदी योग्य आहे. गोळीचा वेग सेकंदाला दहा फुटांनी कमीजास्त झाला तरी ती हजार यार्डांवर तीनएक इंच वर किंवा खाली लागते. पुरीच पाच इंचांची, त्यात तीन इंच दारूच्या हलगर्जीपणात घालवले तर उरलं काय? म्हणजे तोलणं खरं, घासणं खरं, ताव देणं खरं.

खोटा आहे तो पुढचा न्यायनिवाडा.

त्याचं असं आहे. प्रत्येक रायफलची एक आवड असते, असा ह्या पंथाचा सिद्धान्त. एकीला दारू थोडी जास्त लागते, दुसरीला कमी. एकीला गोळी अंमळ बाहेर बसवलेली चालते, दुसरीला आत. तेव्हा आपल्या रायफलची आवड शोधायची. कशी? पायऱ्या-पायऱ्यांनी माप बदलत वीस प्रकारची काडतुसं भरायची, प्रत्येक प्रकाराची तीन-तीन. शंभर यार्डांवर कागद लावायचा, प्रत्येक प्रकाराच्या तीन गोळ्या झाडायच्या आणि सगळ्यांत लांब पडलेल्या दोन भोकांमधलं अंतर मोजायचं. ह्याला म्हणतात 'ग्रुप'. ज्याचा ग्रुप सगळ्यांत लहान, ते माप रायफलला मानवलं. बाकीची एकोणीस नापास. खटला संपला, न्यायाधीश घरी गेले.

साक्षीदार किती? तीन गोळ्या!

आपल्याकडे डॉक्टर तीन गोळ्या देतो आणि "फरक पडला नाही तर परवा या" म्हणतो. त्यालासुद्धा तीन गोळ्यांवर एवढा भरवसा नसतो.

आणि त्या लहानात लहान ग्रुपचा कागद पुढे जपून ठेवला जातो. आमच्या शेजाऱ्याने तो पैशांच्या पाकिटात ठेवला आहे. माणसं जशी नातवंडांचे फोटो दाखवतात तसा तो हा कागद दाखवतो. तिन्ही भोकं एकमेकांत मिसळून त्यांचं बेलाचं पान झालेलं. "माझी रायफल ही अशी मारते," तो म्हणतो. मी विचारतो, "रोज?" तो म्हणतो, "माझ्याकडून चूक झाली नाही तर." ह्या उत्तराची गंमत बघा. ग्रुप लहान आला तर रायफल चांगली आणि माप अचूक. ग्रुप मोठा आला तर चूक माणसाची. आमच्या ओळखीचे एक ज्योतिषी अगदी हेच बोलत. लग्न टिकलं तर पत्रिका जुळली होती, मोडलं तर जन्मवेळ चुकीची दिली होती.

आता ह्यातला हिशेब सांगतो, कारण भांडण करायचं तर हिशेबाने करावं, अशी आमच्या खात्याची शिस्त आहे. उत्तम रायफल आणि उत्तम काडतूस घेतलंत तरी सगळ्या गोळ्या एका भोकातून जात नाहीत. त्या मध्याभोवती विखुरतात. तीन गोळ्यांचे ग्रुप सरासरी एक इंचाचे येत असले, तर त्याच रायफलीतून तीच काडतुसं दहा-दहा झाडा; ग्रुपची सरासरी दीड इंचाच्या वर जाते. रायफल तीच, दारू तीच. तीन साक्षीदारांनी जे झाकलं ते दहांनी बोलून टाकलं, एवढंच. शिवाय त्या तिनांच्या ग्रुपचीही एक सरासरी असली म्हणजे काही ते रोज सरासरीएवढेच येत नाहीत. आज अर्धा इंच, उद्या दीड. मधे काही बदलायला लागत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते, आणि हे लोक कावळ्याचं वजन ग्रेनमध्ये लिहून ठेवतात.

क्रिकेटमधलं सांगतो, म्हणजे पटेल. १९४८ साली ओव्हलवर ब्रॅडमन शेवटचा डाव खेळायला उतरला आणि शून्यावर बाद झाला. १९७५ च्या विश्वचषकात गावसकर इंग्लंडविरुद्ध साठ षटकं उभा राहिला आणि १७४ चेंडूंत नाबाद ३६ धावा काढून परत आला. ह्या एकेका शितावरून भाताची परीक्षा केली तर निष्पन्न काय होतं? ब्रॅडमनला बॅट धरता येत नव्हती, आणि गावसकर हे पॅव्हेलियनमधल्या एका खांबाचं नाव होतं!

आणि हे ज्ञान काही काल-परवाचं नाही. थोड्या नमुन्यांवरून किती बोलावं आणि कुठे गप्प बसावं, ह्याचं गणित मांडलं गॉसेट नावाच्या माणसाने, १९०८ साली. तो होता डब्लिनच्या गिनेस कंपनीत. ही कंपनी काय करते? बिअर! कामगारांनी लेख छापायचे नाहीत असा तिथे दंडक होता, म्हणून बिचाऱ्याने 'स्टूडंट' ह्या टोपणनावाने निबंध छापला. म्हणजे दारू गाळणाऱ्याला शंभरहून अधिक वर्षांपूर्वी जे समजलं, ते दारू भरणाऱ्यांना अजून समजायचं आहे.

मी हे शेजाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "कागदावर ठीक आहे." ह्या वाक्यासारखा संतापजनक शब्दसमूह कुठल्याच भाषेत नसेल. ज्याचा सगळा पुरावा भोकं पडलेल्या कागदाचा, तो मला म्हणतो कागदावर ठीक आहे! मी म्हटलं, मग मैदानावर चल. तुझ्या लाडक्या मापाची तीस काडतुसं भर. सगळी एकसारखी, हवा तेवढा चिमटा वापर. दहा कागद लावू, आणि प्रत्येक कागदावर तीन गोळ्या. मी थर्मास घेऊन मागे बसतो.

वारा पडलेला असतानाची सकाळ बघून आम्ही गेलो. त्याने तीन-तीन गोळ्या झाडल्या, मधे नळी थंड होऊ दिली, मी चहा पीत राहिलो. दहाही कागद बाकावर मांडले. सगळ्यांत लहान ग्रुप ०.४ इंचाचा, सगळ्यांत मोठा १.३ इंचाचा. एक माप, एक माणूस, एक सकाळ, आणि तिप्पट फरक! मी विचारलं, "हे दहा वेगवेगळे प्रकार आहेत असं तुला वाटत असतं, तर तू कुठला निवडला असतास?" तो लगेच म्हणाला, "चौथा." "आणि कुठला टाकला असतास?" "सातवा." "चौथ्यात आणि सातव्यात फरक काय?" तो बराच वेळ कागदांकडे बघत राहिला. मग आम्ही दहा कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले. तीस भोकांचा मिळून झाला दीड इंचाहून थोडा मोठा एक ग्रुप. ती त्याची खरी रायफल. वाईट नव्हती हो! चांगलीच होती. फक्त पाकिटातल्या फोटोशी तिचा चेहरा जुळत नव्हता.

घरी परतताना मी गाडीत मुद्दाम गप्प बसलो, कारण जिंकलेल्या माणसाने गप्प बसावं असं आमच्या आईने शिकवलंय. घराशी उतरलो तेव्हा बघतो तर चौथ्या नंबरचा कागद ह्याने घडी घालून पाकिटात ठेवलेला!

बरं, ह्या पंथाचे आक्षेप मी ऐकून घेतलेले नाहीत असं नाही. एक एक घेतो.

पहिला आक्षेप खर्चाचा. टोप्या महाग, दारू महाग, २०२० नंतर तर टोप्यांचा असा दुष्काळ पडला होता की दुकानात रांगा लागत. नळीही झिजते, ह्याच्यासारख्या रायफलची नळी दोन-तीन हजार गोळ्यांनंतर उताराला लागते. मग तीस-तीस गोळ्या उडवायच्या कशा? अहो, वीस प्रकार गुणिले तीन म्हणजे साठच होतात. त्या साठांतून वीस खोटी उत्तरं मिळतात. त्याऐवजी दोनच प्रकार घ्या आणि तीस-तीस झाडा. एका प्रश्नाचं का होईना, बरंचसं खरं उत्तर मिळेल. खर्च तोच. उरलेले अठरा प्रकार भरायचे वाचले, त्या वेळात बायकोशी बोला.

दुसरा आक्षेप शिकाऱ्यांचा. हरणासमोर कोण तीस गोळ्या झाडतंय? तिथे पहिल्या गोळीला महत्त्व. कबूल. मग पहिलीच गोळी तपासा. तीस निरनिराळ्या सकाळी थंड नळीतून एकेक गोळी त्याच कागदावर झाडा. तीस सकाळींनंतर तो कागद जे सांगेल ते ऐका. एका सकाळच्या तीन गोळ्या पहिल्या गोळीबद्दल बोलत नाहीत, त्या एकमेकींबद्दल बोलतात.

तिसरा आक्षेप परंपरेचा. कारखानेसुद्धा रायफल विकताना तीन गोळ्यांच्या ग्रुपची हमी देतात, मासिकांत तेच छापून येतं, मग सगळे काय वेडे? वेडे नाहीत, दुकानदार आहेत. लहान ग्रुप छापला की रायफल खपते. मोठा छापला की शेजारच्या दुकानातली खपते. उपवर मुलीचा फोटो बारा काढून एक पाठवतात, त्यातलाच हा प्रकार. फोटोग्राफरला कोणी खोटारडा म्हणत नाही. पण त्या एका फोटोवरून मुलीच्या स्वभावाचा दाखला कोणी लिहीत नाही. (आमच्या आत्याबाई लिहीत. त्या अपवाद.)

जिथे खरोखर निकाल लावायचा असतो तिथे हा तीन गोळ्यांचा न्याय कोणी चालवत नाही. पाल्मा नावाचा जुना लांब पल्ल्याचा सामना आहे. त्यात ८००, ९०० आणि १००० यार्डांवर प्रत्येकी पंधरा गोळ्या असतात. आपला कोल्हापूरकडचा, कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक घेऊन आला, तेव्हा नुसत्या पात्रता फेरीत त्याला साठ गोळ्या झाडाव्या लागल्या. ६०० पैकी ५९० मिळवून तो सातवा आला होता आणि खरी परीक्षा त्यानंतर होती. तीन गोळ्यांवर पदकं वाटली असती तर अंतिम फेरीला अर्धी फौज उभी राहिली असती.

आणि एका गोळीने काय होतं ते ह्यांच्याच इतिहासात आहे. शेजाऱ्याच्या काडतुसाचं नाव '६.५ क्रीडमूर'. काडतूस २००७ सालचं, पण नाव जुन्या मैदानाचं. न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीडमूर होतं. तिथे १८७४ च्या सप्टेंबरात आयर्लंड आणि अमेरिका ह्यांच्यात सामना झाला, ८०० ते १००० यार्डांवर. आयरिश मंडळींकडे नळीच्या तोंडातून भरायच्या बंदुका, अमेरिकनांकडे नव्या, मागून भरायच्या. अमेरिका जिंकली, ९३४ विरुद्ध ९३१. फरक तीन गुणांचा. आणि त्या दिवशी एका आयरिश नेमबाजाची गोळी अगदी मधोमध लागली होती, फक्त शेजारच्याच्या निशाणावर! मधोमध लागल्याचे चार गुण असत. ते धरले असते तर आयर्लंड एका गुणाने जिंकलं असतं. आता ह्या निकालावरून कुठली बंदूक श्रेष्ठ ते ठरवा बघू! ठरवायला बसलात तर सिद्ध एवढंच होतं की, गोळी झाडण्यापूर्वी आपलं निशाण कुठलं ते बघावं.

माझं खरं भांडण इथे आहे. शेजारी आपलं निशाण सोडून भलत्याच निशाणावर मारतो आहे.

त्याच्या हजार यार्डांच्या सामन्याचे कागद मी पाहिले आहेत. वीस गोळ्या. वर-खाली फार तर सात-आठ इंच, म्हणजे पोळपाटाच्या आत. डावी-उजवीकडे? दोन फूट! दारूचं माप चुकलं तर गोळी वर जाते किंवा खाली येते. डावी-उजवीकडे न्यायला दारूला येत नाही. ते काम वाऱ्याचं. गोळीला हजार यार्ड जायला दीडएक सेकंद लागतो. तेवढ्यात ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला सहा फुटांच्या आसपास ढकलतो. म्हणजे वारा ताशी एका मैलाने चुकीचा ओळखलात तरी सात इंच गेले, आणि पुरी पाच इंचांची! हे सगळं त्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं आहे. आणि हा गृहस्थ घरी येऊन काय करतो? दारू बदलतो! वड्याचं तेल वांग्यावर काढण्याचा ह्याहून लखलखीत नमुना मी पाहिलेला नाही. चिमट्याने कण उचलतो, पुंगळीला पुन्हा ताव देतो, नवे वीस प्रकार भरतो आणि नव्या पाकिटासाठी नवा कागद शोधतो.

कारण तळघरात वारा नसतो. तिथे काटा आहे, साचा आहे, मोजपट्टी आहे. सगळं आपल्या हातातलं. वारा शिकायचा तर मैदानावर तासन्‌तास पडून निशाणं कशी हलतात, गवत कुठे वाकतं, दुर्बिणीत उन्हाची झळ कुठल्या बाजूला वाहते, हे बघत बसावं लागतं; चुकावं लागतं, आणि ती चूक विकत घेतलेल्या वस्तूच्या नावावर टाकता येत नाही. त्याला एकाहत्तर पूर्ण झाली आहेत. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू डोकावू लागला आहे. असे उन्हाळे मोजके उरले आहेत, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. तीन-तीन गोळ्यांच्या फसव्या निकालांमागे ते घालवायचे की वारा वाचायला, हा प्रश्न मला दारूच्या मापाहून मोठा वाटतो. म्हणून मी तावातावाने भांडतो. नाहीतर परक्या देशात, परक्या माणसाच्या तळघरात, मला काय पडलंय!

ह्या पंथाने फ्रँकलिन मान ह्या माणसाची तसबीर लावावी, असा माझा प्रस्ताव आहे. हा मॅसॅच्युसेट्सचा, शिकून डॉक्टर झालेला. गोळी नळीतून निघाल्यापासून निशाणापर्यंत काय करते, ह्या एका प्रश्नामागे त्याने आयुष्याची कित्येक वर्षं घातली. माणसाचा हात हलतो ही सबब राहू नये म्हणून त्याने रायफलची नळी काँक्रीटच्या ठोकळ्यावर बसवली आणि त्या ठोकळ्याला नाव दिलं 'जिब्राल्टर'. गोळ्या झाडल्या, मोजल्या, पुन्हा झाडल्या. १९०९ साली पुस्तक छापलं. एवढं करूनही काही चूक उरायचीच, आणि तिचं कारण सापडायचं नाही. त्याने ती दारूवर ढकलली नाही, की चौथ्या नंबरचा कागद पाकिटात ठेवला नाही. त्याने तिला नाव दिलं 'एक्स-एरर'. आपण शाळेत बीजगणितात लिहायचो, तोच हा 'क्ष'. जे कळलं ते पानोपानी लिहिलं, आणि जे कळलं नाही त्याला क्ष म्हणून मोकळा झाला.

नेमबाजांच्या निशाणावर अगदी मध्यभागी, त्या पुरीवर, एक अक्षर छापलेलं असतं. तेही एक्सच. शेजाऱ्याला मी म्हटलं आहे, वारा सुटलेला एखादा दिवस बघ, साठ काडतुसं एकाच मापाची भर, काटा आणि चिमटा घरी ठेव, आणि मैदानावर चल. थर्मास मी आणतो. ह्या वेळी मोठा आणतो.